बुडापेस्ट व्हाया अजिंठा

तर मंडळी, सीन असा. मे महिन्यातली संध्याकाळ. समोर डॅन्यूब नदी, नदीपल्याड हंगेरीची ती कॅलेंडरवर असते तशी पार्लमेंट, पाठीमागे रंगीत कौलांचं एक चर्च आणि मधे अस्मादिक. हातात मोबाइल, गळ्यात स्कार्फ, एकदम टूरिस्ट! बुडापेस्टच्या त्या चौकात मी चार नंबरचं घर शोधत होते. सोबत माझी कॉलेजातली मैत्रीण. ती तिथं एका आयटी कंपनीत आहे, त्यामुळे राहण्याचा खर्च शून्य. (खरं कारण हेच होतं. उगाच कशाला खोटं बोला?)

तेवढ्यात कुत्र्याला फिरवणाऱ्या एक आजीबाई थांबल्या. काय शोधताय, विचारलं. मैत्रिणीनं मोडक्यातोडक्या हंगेरियनमध्ये सांगितलं, की आम्ही इंडियाच्या, आणि ही माझी मैत्रीण अजिंठ्याच्या गावची. आजींचे डोळे एकदम चमकले. त्या शाळेत ड्रॉइंग शिकवायच्या म्हणे. त्यांच्याकडे एक जुनं पुस्तक होतं, त्यात अजिंठ्याचं एक चित्र होतं, पण ब्लॅक अँड व्हाइट. गेली कित्येक वर्षं त्यांना एक प्रश्न पडला होता. तो त्यांनी मला विचारला.

"त्या हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाचं कमळ नक्की कोणत्या रंगाचं आहे?"

माझी बोलतीच बंद! माझं सगळं आयुष्य छत्रपती संभाजीनगरात गेलं. शाळेच्या दाखल्यावर औरंगाबाद, आताच्या आधार कार्डावर नवं नाव, पण गाव तेच. अजिंठा माझ्या घरापासून शंभर किलोमीटर. मी शेवटची गेले होते नववीच्या सहलीला. आठवतंय काय, तर एसटीत कोणाला उलटी झाली होती ते, आणि डब्यातली पुरी-भाजी. कमळ? कोणतं कमळ?

मी काहीतरी 'पिंक, आय थिंक' असं पुटपुटले. आजी थँक्यू म्हणाल्या, कुत्रा त्यांना ओढत घेऊन गेला आणि मी तिथंच उभी. मास कॉमची डिग्री, पाच वर्षं फ्रीलान्सिंग, आणि आपल्याच अंगणातल्या गोष्टीवर फेकाफेकी. ते पण एका ड्रॉइंग टीचरसमोर!

आता ते चार नंबरचं घर कशासाठी, ते सांगते. सिलाद्यी देझो चौकातल्या त्या घरात ३० जानेवारी १९१३ रोजी एक मुलगी जन्मली. नाव ठेवलं डालमा-अमृता. वडील उमरावसिंग शेरगिल, पंजाबातले शीख सरदार, संस्कृत-फारसीचे अभ्यासक आणि फोटोग्राफीचे भयंकर वेडे. आई मारी आंत्वानेत, हंगेरियन, ऑपेरा गाणारी. तीच आपली अमृता शेरगिल. २०२३ मध्ये जिचं 'द स्टोरी टेलर' हे चित्र लिलावात ६१.८ कोटी रुपयांना गेलं, ती. तिच्याबद्दल पुढे बोलूच. आधी हंगेरी, कारण ज्याची वाट बघताय ते खाणंपिणं यायचंय.

पाण्यात बुद्धिबळ

बुडा आणि पेस्ट ही मुळात दोन वेगळी गावं. नदीच्या एका काठाला टेकड्यांवरचं बुडा, दुसऱ्या काठाला सपाटीवरचं पेस्ट. १८७३ मध्ये दोन्ही, आणि सोबत ओबुडा, मिळून एक शहर झालं. आणि हो, तिथले लोक 'बुदापेश्त' म्हणतात. त्यांच्या लिपीत 'एस' म्हणजे 'श'. हे एकदा कळलं की दुकानांच्या पाट्या वाचताना अर्धं टेन्शन खलास.

या शहराची सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे जमिनीखालचं गरम पाणी. सेचेनी बाथ नावाचा एक पिवळाधम्मक राजवाडा आहे, १९१३ मध्ये उघडलेला. म्हणजे अमृता आणि हा बाथ एकाच वयाचे! उघड्यावरच्या हौदातून वाफा निघतात आणि पोट सुटलेले आजोबा गळ्यापर्यंत पाण्यात उभे राहून शांतपणे बुद्धिबळ खेळतात. कोणी कोणाकडे बघत नाही. स्विमिंग कॉस्च्यूम घालून चारचौघांत जायचं म्हणून मी दोन दिवस आधीपासून टेन्शनमध्ये होते. तिथं गेल्यावर कळलं, की आपल्याकडे बघायला इथं कोणाला वेळच नाही. हा मोकळेपणा मी सोबत आणला असता, पण बॅगेत वजनाची मर्यादा होती.

मेट्रोचा एक नंबरचा मार्ग १८९६ चा. युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरची ही सगळ्यात जुनी भुयारी रेल्वे. छोटेसे पिवळे डबे, लाकडी चौकटींची स्टेशनं, एकदम खेळण्यातली वाटते. आणि दोन नंबरची ट्राम पकडा. नदीकाठानं जाते, तिकिटाच्या पैशात अख्खं शहर दाखवते. पार्लमेंटच्या जवळ मात्र उतरा. तिथं काठावर लोखंडी बुटांचे साठ जोड आहेत. १९४४-४५ च्या सुमारास तिथल्या फॅसिस्टांनी ज्यू माणसांना काठावर उभं केलं, बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत ढकललं. २००५ पासून ते लोखंडी बूट तिथं आहेत. त्यात लहान मुलांचेही आहेत. मी मोबाइल पर्समध्ये ठेवून दिला. काही ठिकाणी सेल्फी घ्यायचा नसतो, हे कोणी सांगावं लागत नाही.

गुयाश आणि नान-कलिया

आता या मुद्द्यावर. हंगेरीचं 'गुलाश' आपण ऐकलेलं असतं. तिकडं म्हणतात 'गुयाश', आणि त्याचा अर्थ गुराखी! माळावर गुरं राखणारे लोक कढईत मांस, कांदा घालून शिजवायचे, ते हे. पुढं त्यात लाल पाप्रिका आली. बरं, गुयाश हे सूप असतं. आपण ज्याला घट्ट रस्सा म्हणू, त्याला ते 'पोर्कोल्त' म्हणतात. पहिला चमचा तोंडात गेला आणि मला एकदम आपल्या शहागंजची आठवण झाली. आपला नान-कलिया! तोही मुळात लष्करच्या मोठाल्या देगांमधला. तुघलकानं दिल्लीहून राजधानी दौलताबादला हलवली तेव्हा तो आला, असं आपल्याकडे सांगतात. गुराखी काय किंवा सैनिक काय, मोकळ्या मैदानात खूप माणसांना एकदम जेवायला घालायचं, तर भांडं एकच आणि आच मंद. हजारो किलोमीटरवरही लॉजिक सेम.

व्हेज मंडळींनी घाबरू नये. लांगोश खा. आपल्या भटुऱ्याचा हट्टाकट्टा चुलतभाऊ. तळलेला, वरून लसूण, आंबट साय आणि किसलेलं चीज. 'लेचो' म्हणजे मिरच्या, टोमॅटो, कांद्याची भाजी. मी तर पोळी शोधत होते! पालाचिंता म्हणजे गोड धिरडं. आणि खसखस! आपण अनारशाला लावतो तेवढीच खसखस माहिती असलेल्या मला, साखर आणि खसखस घातलेल्या शेवया समोर आल्या तेव्हा दिवाळी आणि मे महिना एकत्र आल्यासारखं झालं. केक खायचा तर दोबोश. योझेफ दोबोश नावाच्या बल्लवाचार्यानं १८८५ मध्ये लोकांपुढे आणलेला, थरावर थर आणि वर कडक साखरेची काच.

आणि पाप्रिका. १८९७ च्या त्या भव्य मार्केट हॉलमध्ये लाल मिरच्यांच्या माळा बघून मी फोटोंचा पाऊस पाडला. मिरची मूळची अमेरिका खंडातली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली, त्यांच्याकडे तुर्कांच्या काळात पोचली. दोघांनीही तिला असं घरात घेतलं, की आता ती परकी होती हे सांगूनही पटत नाही. सेगेदच्या आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञानं तर याच पाप्रिकातून भरपूर व्हिटॅमिन 'सी' काढलं आणि १९३७ चं नोबेल मिळवलं. 'एरोश पिश्ता' नावाची बाटली मिळाली तर सोडू नका. म्हणजे 'स्ट्राँग पिश्ता', पिश्ता हे माणसाचं नाव. खारट, तिखट, जाडसर वाटलेली मिरची. ठेचाच की हो! फक्त शेंगदाणे विसरलेत.

भाषा मात्र अफाट अवघड. तरी दोन शब्दांनी मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तिथं सोफ्याला म्हणतात 'दीवान'. आणि सपातांना म्हणतात 'पापुच'. हा पापुच मूळ फारसी, तुर्कांबरोबर तिकडं गेला आणि आपल्याकडे येऊन 'पायपोस' झाला. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही म्हणतो, तोच हा. आणि गंमत म्हणजे हंगेरियन लोक आडनाव आधी लावतात, आपल्या शाळेच्या हजेरीसारखं. मैत्रिणीला ऑफिसात तसंच हाक मारतात. म्हणाली, "पहिल्या दिवशी वाटलं, हजर बाई म्हणून उभंच राहावं!"

ती तेवीस वर्षांची

अमृताचं सुरुवातीचं बालपण हंगेरीत गेलं. १९२१ मध्ये कुटुंब सिमल्याला आलं. मग १९२९ ला चित्रकलेसाठी पॅरिस, तिथं 'यंग गर्ल्स' या चित्राला १९३३ मध्ये सुवर्णपदक. करिअर सेट! तरी १९३४ च्या शेवटी ती भारतात परतली. आपली चित्रकला इथंच घडेल, असं तिला वाटत होतं. भारताचं वेड मामाकडूनही आलेलं. एर्विन बाक्ताई हे तिचे मामा, हंगेरीतले भारतविद्येचे नामवंत अभ्यासक.

आणि १९३६ च्या अखेरीस मुंबईत ताजमध्ये प्रदर्शन करून ती आपल्याकडे आली. वेरूळ, अजिंठा. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाचा. वय वर्षं तेवीस. पत्रांतून तिनं अजिंठ्याबद्दल भरभरून लिहिलं. पुढं हैदराबादमार्गे ती दक्षिणेत गेली आणि परतल्यावर १९३७ मध्ये तिनं 'ब्राइड्स टॉयलेट', 'ब्रह्मचारीज' आणि 'साउथ इंडियन व्हिलेजर्स गोइंग टू मार्केट' ही तीन चित्रं काढली. ती बघा एकदा, नेटवर सहज सापडतात. उगाच बारीकसारीक तपशील नाहीत, मोठ्या, शांत आकृत्या, मातकट लाल आणि काळसर अंगं. पॅरिसमधल्या तिच्या चित्रांशेजारी ठेवून बघितलं की अजिंठ्यानं काय केलं ते माझ्यासारख्या अडाण्यालाही कळतं. पुढच्याच वर्षी ती हंगेरीला गेली, मावसभाऊ व्हिक्टर एगनशी लग्न केलं आणि तिथल्या बाजाराचं चित्र काढलं. एक बाजार इकडचा, एक तिकडचा. ५ डिसेंबर १९४१ ला ती लाहोरमध्ये गेली. अठ्ठावीस वर्षांची होती.

मी आत्ता अठ्ठावीसची आहे. त्या घरासमोर उभं राहून हा हिशेब आपोआप झाला.

आम्ही झेबेगेन्यलाही जाऊन आलो. डॅन्यूब जिथं मोठं वळण घेते तिथलं हे छोटं गाव, बुडापेस्टहून ट्रेननं तासाभरावर. अमृताच्या आजोळच्या मंडळींचं इथं घर होतं. नदीकाठी बाकावर बसून आम्ही लांगोश खात होतो, तेव्हा मैत्रीण म्हणाली, "मी इथं कायम राहायचा अर्ज केलाय. आईला सांगितलं नाहीये. फोनवर जमत नाही गं. तू सांगशील?"

मी हो म्हणाले. नदीच्या काठी बसल्यावर माणूस कशालाही हो म्हणतं.

अकरा वेळा

परत आले. माझ्या आईनं 'एवढ्या पैशात तोळाभर सोनं आलं असतं' हे वाक्य सात वेळा म्हटलं, ते सोडून देऊ. बॅगेत मैत्रिणीनं काकूंसाठी दिलेला पाप्रिकाचा डबा होता आणि डोक्यात तो निरोप. सिडकोत काकू एकट्याच असतात. दोनदा डबा घेऊन निघाले, दोनदा परत फिरले. शेवटी जुलैत फोन केला, "काकू, अजिंठ्याला येता का?"

"एवढ्या पावसात?"

"पावसातच बघायचं असतं म्हणे."

रविवारी सकाळी निघालो. फुलंब्री, मग सिल्लोड. सिल्लोडच्या पुढं हिरव्या मिरचीची पोती भरलेल्या गाड्या लागल्या. काकूंनी काच खाली केली, वास घेतला आणि म्हणाल्या, "हिच्यापुढं तुझी ती पाप्रिका म्हणजे शेंदूर. नुसता रंग!" घाट उतरलो, फर्दापूरला गाडी लावली, पुढची बस पकडली. वाघूर नदी लाल पाण्यानं भरून वाहत होती आणि घोड्याच्या नालेसारख्या त्या कड्यावर तीस लेण्यांची रांग. माझ्या शहराच्या जिल्ह्यात हे आहे आणि मी बुडापेस्टच्या पुलावर उभी राहून 'वॉव' म्हणत होते. तो पूलही वॉवच आहे, तक्रार नाही. पण हे?

पहिल्या लेण्याबाहेर चपलांचा ढीग. कोणाचा पायपोस कोणाच्या पायात नाही, शब्दशः! आम्हीही काढल्या. आत अंधार. डोळे सरावायला वेळ लागतो, त्यामुळे घाई करू नका. माणसं आत येतात, फोटो काढतात, काही दिसत नाही म्हणत बाहेर पडतात. आम्ही भिंतीपाशी थांबलो. हळूहळू तो दिसायला लागला. किंचित वाकलेला, पापण्या खाली, पद्मपाणी. पंधराशे वर्षं तो असाच उभा आहे.

काकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. खूप वेळ काही बोलल्या नाहीत. मग हळूच म्हणाल्या, "मी अकरा वेळा आलेय इथं, सहली घेऊन. दर वेळेस पोरं मोजत होते. आत किती गेली, बाहेर किती आली. एकदा पण वर मान करून बघितलं नाही बघ."

बाहेर आलो, पायऱ्यांवर बसलो. आता सांगायलाच पाहिजे होतं. मी "काकू, एक सांगायचं होतं..." एवढंच म्हणाले.

"ती येत नाही ना परत?"

मी गप्प.

"मला माहितीये. उन्हाळ्यात म्हणाली, कुरडया पाठवू नको, इथं सगळं मिळतं. तेव्हाच कळलं. तिला वाटलं, मला सांगितलं की मी रडेन. मी काय रडत नाही. पण स्वतःच्या तोंडानं सांगायला पाहिजे होतं तिनं." मग थोड्या वेळानं, "आणि तुझं काय? पुण्याहून बोलावणं आलंय म्हणत होती तुझी आई."

आलंय. चांगल्या कंपनीत कंटेंटची नोकरी, महिन्याला ठरलेला पगार. फ्रीलान्सवाल्यांनाच कळेल या शब्दांचं सुख. सोबतचे निम्मे मित्र-मैत्रिणी तिकडंच आहेत. मी उत्तर दिलं नव्हतं. त्या दिवशीही दिलं नाही. फक्त एवढं ठरवलं, की जायचं झालं तरी आधी आपलं गाव बघून जायचं. कोणी विचारलं तर पिंक, आय थिंक असं म्हणायची वेळ येऊ नये.

हे सगळं दोघींना विचारूनच लिहितेय. मैत्रिणीनं त्याच रात्री आईला व्हिडिओ कॉल केला, दीड तास. कोण रडलं ते मी विचारलं नाही. काकूंनी मात्र पासपोर्टचा फॉर्म भरलाय. गरम पाण्यात उभं राहून म्हातारे बुद्धिबळ खेळतात हे ऐकल्यापासून त्यांना तिथं जायचंच आहे.

तुम्हीही जा. हंगेरी शेंगेनमध्ये आहे, त्यामुळे त्याच व्हिसावर शेजारची व्हिएन्नाही होते. चलन फोरिंट, युरो नव्हे. एका रुपयाला एकाहून जास्त फोरिंट मिळतात हे लक्षात ठेवा, म्हणजे आकडे बघून घाम फुटणार नाही. मे किंवा सप्टेंबर गाठा. पण त्याआधी एक दिवस अजिंठा. सोमवारी बंद असतं, मंगळवारी वेरूळ. आणि पहिल्या लेण्यात किमान दहा मिनिटं एका जागी उभे राहा.

राहिला आजींचा प्रश्न. मैत्रीण रोज ऑफिसला जाताना त्याच चौकातून ट्रामनं जाते. तिला मेसेज करून ठेवलाय. 'त्या कुत्र्यावाल्या आजी दिसल्या तर उतर आणि सांग, गुलाबी नाहीये. निळं कमळ म्हणतात त्याला. पण त्या उजेडात मला ते फिकट, जवळजवळ पांढुरकं दिसलं. नीट बघून सांगितलंय म्हणावं.'